इंग्लंडच्या जुन्या घरांत बटलर अजून असतात का आणि दिवसभर करतात काय?

प्रश्न असा आलाय की इंग्लंडमधल्या त्या मोठमोठ्या कंट्री हाऊसेसमध्ये (म्हणजे सरदार-जमीनदारांच्या खेड्यातल्या वाड्यांत) अजून खरेखुरे बटलर असतात का, असले तर दिवसभर नेमकं करतात काय, आणि हॉटेल मॅनेजमेंट केलेल्या आपल्या मुलाने या लाईनकडे बघावं का. मी स्वतः दादर केटरिंगचा, मग मुंबईत फाइव्ह स्टार, मग क्रूझ, मग लंडनचं हॉटेल असं करत करत आता बरीच वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या एका खाजगी घरात बटलर आहे. कागदावर हाऊस मॅनेजर लिहिलंय पण घरातले आणि गावातले सगळे बटलरच म्हणतात. घराचं नाव सांगणार नाही, करारात तशी अट आहे, आणि नसती तरी सांगितलं नसतं.

तर, बटलर अजून आहेत. त्यांच्या हाताखालची माणसं मात्र गेली. बाकी जे काही बदललंय ते बहुतेक सगळं या एका गोष्टीतून आलंय, म्हणून आधी तेच सांगतो, चांदी-बिंदी नंतर.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बटलर म्हणजे मुळात माणसं सांभाळणारा माणूस. बारा-चौदा वर्षांचं पोरगं हॉल बॉय म्हणून लागायचं, बूट पुसायचं, दिवे साफ करायचं, वरच्या नोकरांना जेवण वाढायचं (हो, नोकरांनाही नोकर होते), तिथून सेकंड फुटमन (फुटमन म्हणजे दाराशी उभा राहणारा, टेबलावर वाढणारा नोकर), फर्स्ट फुटमन, अंडर-बटलर आणि नशिबात असेल तर पुढे कधीतरी बटलर. हे सगळं कुणी शिकवत नव्हतं, रोज बघून बघून अंगात यायचं. फुटमन उंच लागायचे, दोघं दाराशी उभे राहिले की जोडी दिसली पाहिजे, उंच असलास तर पगार जास्त, आणि बऱ्याच घरांत तर नावसुद्धा घराचंच, आईबापाने काहीही ठेवलेलं असो, इथे आलास की तू जेम्स नाहीतर जॉन, म्हणजे माणूस बदलला तरी मालकांना नवीन नाव लक्षात ठेवायचा त्रास नको. बटलरला मालक नुसत्या आडनावाने हाक मारायचे, खालचे मात्र मिस्टर लावून. हाऊसकीपर आणि स्वयंपाकीणबाई, लग्न झालेलं असो की नसो, मिसेसच. नोकरांच्या हॉलमध्ये जेवण झालं की बटलर, हाऊसकीपर, व्हॅले (साहेबांचे कपडे बघणारा), लेडीज मेड (बाईसाहेबांची खास मोलकरीण) ही मंडळी उठून पुडिंग खायला हाऊसकीपरच्या खोलीत जायची आणि ती बाहेर पडेपर्यंत बाकीचे गप उभे. वरच्या मजल्यावर असेल त्यापेक्षा जास्त उतरंड खाली होती असं माझं मत आहे.

आणि पुरुष नोकर ठेवणं ही उघड उघड श्रीमंती दाखवायची गोष्ट होती, सरकारला पण ते पक्कं माहीत होतं. अमेरिकेतल्या लढाईचा खर्च निघावा म्हणून १७७७ मध्ये तेव्हाचा पंतप्रधान लॉर्ड नॉर्थने प्रत्येक पुरुष नोकरामागे वर्षाला एक गिनी (एक पौंड एक शिलिंग) कर लावला, आणि दर बदलत बदलत हा कर थेट १९३७ पर्यंत चालू होता. १७९५ ला केसांना लावायच्या पावडरीवर वेगळी एक गिनी. म्हणजे दारात पावडर लावलेले चार फुटमन उभे असतील तर तो साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला आपली कराची पावतीच दाखवत होता म्हणा ना.

मग हे मोडलं कसं? लोक म्हणतात जमाना बदलला, लोकशाही आली वगैरे. माझ्या मते कारण त्याहून साधं आहे, माणसांना दुसरं काम मिळालं. १९१४ ला फुटमन पलटणीत गेले, त्यांच्या जागी पार्लरमेड, म्हणजे वाढपाचं काम करणाऱ्या मोलकरणी आल्या, त्या स्वस्त आणि त्यांच्यावर कर पण नाही. मुली कारखान्यात, ऑफिसात, दुकानात लागल्या आणि त्यांना कळलं की संध्याकाळी सुट्टी नावाची काहीतरी गोष्ट असते. त्यात १९२० च्या बेकारी विम्याच्या कायद्यातून घरनोकरांना बाहेर ठेवलं होतं, म्हणजे काम गेलं तर हातात काही नाही, मग कोण कशाला परत येतंय. दुसऱ्या महायुद्धात तर डिसेंबर १९४१ पासून बिनलग्नाच्या तरुण बायकांनाही सक्तीने युद्धाच्या कामाला घ्यायला लागले आणि घरंच सरकारने ताब्यात घेतली, कुठे हॉस्पिटल, कुठे शाळा, कुठे सैनिक. डर्बीशायरच्या चॅट्सवर्थमध्ये, म्हणजे डेव्हनशायरच्या ड्यूकच्या घरात, सगळं युद्धभर मुलींची एक बोर्डिंग शाळा होती, दिवाणखान्यांत कॉट लावून मुली झोपायच्या. ड्यूक लोकांनी हुशारी केली, घरात शाळेच्या पोरी असलेल्या परवडल्या, सैनिक नकोत.

पुढचा घाव वारसाकराचा. १८९४ मध्ये हा कर नव्या रूपात आला तेव्हा सगळ्यात वरचा दर ८ टक्के होता, १९४९ पर्यंत तो ८० टक्क्यांवर गेला. चॅट्सवर्थचंच उदाहरण घ्या, दहाव्या ड्यूकने इस्टेट मुलाच्या नावे केली होती, कायद्याप्रमाणे त्यानंतर पाच वर्षं जगला असता तर कर लागला नसता, पण नोव्हेंबर १९५० मध्ये लाकडं फोडता फोडता तो पंचावन्नाव्या वर्षी गेला, मुदतीला चौदा आठवडे कमी पडले. ८० टक्के कर. जमिनी विकल्या, चित्रं दिली, हार्डविक हॉलसारखा अख्खा एलिझाबेथच्या काळातला वाडा सरकारला दिला, तो आता नॅशनल ट्रस्टकडे आहे. आणि हे तर पैसेवाले. ज्यांच्याकडे एवढं नव्हतं त्यांनी सरळ घर पाडलं, छपराचं शिसं आणि जिन्याचं लाकूड विकलं. शंभर-एक वर्षांत अशी हजारावर घरं गेली, १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने फक्त या पाडापाडीवर एक प्रदर्शन भरवलं होतं, त्याची चर्चा जुने लोक अजून करतात.

जी वाचली त्यांनी दारं उघडली. लाँगलीट या वाड्याच्या मालकाने, एका मार्क्विसने (ड्यूकच्या खालचा सरदार), १९४९ मध्ये तिकीट लावून घर दाखवायला सुरुवात केली, आणि १९६६ मध्ये त्याच बागेत सिंह आणून सोडले. तेव्हा त्याच्या बरोबरीच्या लोकांनी नाकं मुरडली असतील, आता सगळे तेच करतात, फक्त सिंहांच्या जागी कॅफे आणि गिफ्ट शॉप. गंमत म्हणजे लोकांना आता वरच्या मजल्याचं फारसं काही वाटत नाही, सोनेरी छत बघितलं, फोटो काढला, पुढे. गर्दी होते ती खाली, जुनं स्वयंपाकघर, नोकरांचा हॉल, भिंतीवरच्या घंट्यांची रांग. वेल्समधल्या अर्डिग या वाड्यात तर मालकांनी अठराव्या शतकापासून नोकरांची चित्रं काढून घेतली होती, खाली त्यांच्यावर कविता, आणि तिथे आजही पाहुण्यांना नोकरांच्या बाजूनेच आत नेतात. आमच्याकडच्या घंट्या आता वाजत नाहीत, तारा कधीच तुटल्यात, मला बोलवायचं असेल तर व्हॉट्सॲप येतं.

आता माझा दिवस. कुटुंब राहतं एका विंगमध्ये, मोठ्या खोल्या उन्हाळ्यात लोकांसाठी उघड्या, वर्षात काही लग्नं, हिवाळ्यात शूट म्हणजे पक्ष्यांची शिकार, मधेच एखादं शूटिंग, म्हणजे कॅमेऱ्याचं. जिथे एकेकाळी खालच्या हॉलमध्ये तीसेक माणसं जेवायची तिथे आता कायमचे आम्ही दोघंच, मी आणि हाऊसकीपर, बाकी गावातल्या बायका काही तास येतात आणि कार्यक्रम असला की एजन्सीची पोरं. सकाळी अलार्म बंद करायचा, शटर उघडायची, पण सगळी नाही, रेशमी पडदे आणि गालिचे असतील तिथे उजेड मोजून आत घ्यायचा, नाहीतर दहा वर्षांत रंग जातो. आठवड्यातून एकदा घड्याळांना चावी. मग फोन. बॉयलरवाला, छपरावाला (शिसं चोरायला रात्री येतात लोक, आजही), फायर इन्स्पेक्शन, तेलाचा टँकर, विमा कंपनी. मालकांचे पासपोर्ट, कुत्र्यांची औषधं, मुलांना स्टेशनवरून आणणं. आपल्याकडच्या जुन्या वाड्यातला कारभारी, कोठीवाला आणि ड्रायव्हर एकाच माणसात घातले तर जे होईल ते मी आहे. पेपरला इस्त्री करता का हे हमखास विचारतात. पूर्वी शाई हाताला लागू नये म्हणून करायचे, आमचे साहेब आयपॅडवर वाचतात, त्याला इस्त्री करून चालणार नाही.

आता चांदी, कारण खरा बटलर तिथे कळतो. जुन्या काळी फुटमन लोक सोनाराची लाल पूड, म्हणजे आयर्न ऑक्साइड, ओली करून उघड्या बोटांनी चांदीवर घासायचे, अंगठ्याला फोड यायचे, फुटायचे, परत त्याच बोटांनी घासायचं, काही महिन्यांनी कातडी निबर झाली की मग त्या चांदीला जी खोल काळसर चमक यायची ती कुठल्याच लिक्विडने येत नाही. जुन्या हाताच्या एका माणसाने मला ते करून दाखवलंय, चमक खरी आहे. पण आम्ही आता ते करत नाही, कारण प्रत्येक घासणीला चांदीचा थर जातो, दोनशे वर्षं घासून घासून कोरलेली चिन्हं सपाट झालेले ट्रे आमच्या कपाटात आहेत. आता शहाणपण हे की काळी पडूच द्यायची नाही. जेवण झालं की मीठदाण्या तिथल्या तिथे रिकाम्या, मीठ रात्रभर राहिलं तर चांदीला खड्डे पडतात. अंड्याला चांदीचा चमचा नाही, गंधकाने काळा होतो, हाडाचा नाहीतर सोन्याचं पाणी दिलेला. चमचे बांधायला रबरबँड कधीही नाही, त्यातही गंधक, एका उन्हाळ्यात काळा पट्टा उमटतो आणि निघता निघत नाही. सुऱ्यांच्या मुठी पाण्यात बुडवायच्या नाहीत, आतून राळ भरलेली असते, गरम पाण्याने ती सैल होते आणि पुढच्या जेवणात पातं एका हातात मूठ दुसऱ्या हातात. एजन्सीच्या पोरांना मी वाढायचं नंतर शिकवतो, हे आधी. आणि डिशवॉशरला मी स्वतः चिठ्ठी लावतो. मोजणी आधी आणि नंतर, दोन्ही वेळा, काटे कचऱ्याच्या पिशवीतून जातात, चोरीने फार क्वचित.

शूटचा दिवस हा आमच्याकडचा सगळ्यात जुन्या वळणाचा दिवस. फेझंटचा (कोंबड्यासारखा एक रानपक्षी) मोसम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. आठ-नऊ बंदूकवाले, त्यांच्या बायका, पहाटे नाश्ता, अकराला रानात गरम सूप आणि स्लो जिन (स्लो नावाची रानफळं मुरवलेली जिन), दुपारचं जेवण, परत आले की चिखलाचे बूट आणि ओले ट्वीडचे कोट वाळत घालायचे, चहा, आणि रात्री पूर्ण डिनर. पोर्टची (जेवणानंतर प्यायची गोड, कडक वाइन) बाटली मी आदल्या दिवशी उभी करून ठेवतो म्हणजे गाळ खाली बसतो. जुन्या व्हिंटेज पोर्टच्या बाटलीवर पांढऱ्या रंगाचा एक फटकारा असतो, तळघरात ती बाजू वर ठेवायची अशी खूण, गाळ कुठल्या अंगाला बसलाय ते त्यावरून कळतं. बूच कुजलेलं असेल तर ओढायच्या भानगडीत पडायचं नाही, चिमटा लालभडक तापवून बाटलीच्या मानेला धरायचा, मग ओल्या फडक्याने तिथेच पुसायचं, टक्कन मान स्वच्छ तुटते बुचासकट. मग मानेखाली मेणबत्ती, आणि एका दमात, हात न थांबवता ओतत जायचं, उजेडात गाळाची पहिली काळी रेघ खांद्यापर्यंत आली की थांबायचं. उरलेलं गाळलेलं स्वयंपाकघरात, सॉसला. टेबलावर डिकँटर, म्हणजे पोर्ट ओतलेली काचेची सुरई, डावीकडे फिरतो आणि एखादा पाहुणा गप्पांत तो अडवून बसला तर बटलरने मागून हात घालायचा नाही, ते यजमान बघतात. अन्न डावीकडून, दारू उजवीकडून, हे पूर्वीसारखंच, पण आता अठरा पाहुण्यांना मी आणि एजन्सीची तिघं, त्यातला एक काल पिझ्झा पोचवत होता, म्हणून बऱ्याचदा साहेबच म्हणतात भांडी टेबलावर ठेवा, आम्ही वाढून घेतो. मला वाईट वाटत नाही, जेवण गरम लागतं. जुन्या घरांत स्वयंपाकघर मुद्दाम लांब ठेवायचे, वास यायला नको म्हणून, आणि ड्यूक असो की अर्ल असो, पिढ्यान्‌पिढ्या कोमट जेवले.

लग्नांचं मात्र वेगळं आहे. १९९४ च्या मॅरेज ॲक्टने परवानगी मिळालेल्या कुठल्याही जागेत सिव्हिल लग्न करता येऊ लागलं, १९९५ पासून ते सुरू झालं, त्याआधी चर्च नाहीतर रजिस्ट्रार ऑफिस. माझ्या दृष्टीने गेल्या पन्नास वर्षांत या घरांना त्या एका कायद्याने जेवढं वाचवलं तेवढं कुणी वाचवलं नाही. आणि इथे मी मराठी असल्याचा घराला खरा उपयोग होतो, कारण भारतीय लग्नं पैसेवाली असतात आणि इंग्रज इव्हेंट मॅनेजरला होम म्हटलं की त्याला घाम फुटतो. आत उघडा अग्नी विमा कंपनी ऐकूनच घेत नाही, म्हणून होम बाहेर मांडवात, अंतरपाट आणि मंगलाष्टकं आत. अक्षता ही तर माझी कायमची डोकेदुखी आहे. कुंकवात रंगवलेले तांदूळ ओलसर असतील तर फिकट गालिच्यावर गुलाबी ठिपके, सुके असतील तर दोनशे वर्षं जुन्या फळ्यांच्या फटीत जातात आणि तिथे उंदीर, आणि उंदीर आले की गालिच्याचंही खरं नाही. आता मी वधूपक्षाला आधीच सांगतो, मामा-काका काय म्हणायचं ते म्हणू देत, आत फुलांच्या पाकळ्या, त्याही सुक्या, अक्षता बाहेर लॉनवर. हळद तर घराच्या आत आणायचीच नाही, दगडाने एकदा पिवळा रंग पिला की नातवंडांनी बघावा. एका नवरदेवाच्या आजीने मला मराठीत झापलं होतं, साहेबाची चाकरी करून आपले संस्कार विसरलास म्हणून. मी म्हटलं आजी, संस्कार आहेत, फक्त गालिचा इराणी आहे.

मुलाच्या करिअरचं. वर म्हटलं तसं, हॉल बॉयपासूनची शिडीच गेली, त्यामुळे इथे बटलर आता घरात तयार होत नाही, बाहेरून येतो, हॉटेलमधून, सैन्यातल्या ऑफिसर्स मेसमधून, क्रूझवरून, काही फी भरून बटलर स्कूलमधून. हॉटेलवाल्यांना म्हणूनच संधी आहे. पण हॉटेल आणि घर यात फरक आहे तो लोक धरत नाहीत, हॉटेलमध्ये पाहुणा चार दिवसांनी जातो, इथे तीच चार माणसं वर्षानुवर्षं, त्यांची भांडणं, आजारपणं, घटस्फोट सगळं तुमच्या कानावर येतं आणि तुम्हाला ते ऐकू आलेलं नसतं. पोराला बोलायची फार हौस असेल तर दुसरं काही बघा.

कायद्याचं पण सांगतो कारण एजंट सांगत नाहीत. खाजगी घरातल्या नोकराला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा लागू नाही, शूटच्या आठवड्यात तास मोजायला बसायचंच नाही. घरात राहणाऱ्या नोकराला घरचा माणूस म्हणून किमान वेतन न द्यायची जी पळवाट होती ती १ एप्रिल २०२४ पासून बंद झाली, ते चांगलं झालं. राहायला कॉटेज मिळते पण ती नोकरीला बांधलेली, नोकरी गेली की घरही सोडायचं, म्हणून पगारातून दुसरीकडे स्वतःचं काहीतरी करत राहायचं, हे मी प्रत्येक नवीन माणसाला सांगतो. व्हिसा ही खरी अडचण. मालकाबरोबर घरनोकर म्हणून येणाऱ्यांचा व्हिसा २०१२ पासून फक्त सहा महिन्यांचा आहे, वाढत नाही, आणि स्किल्ड वर्कर व्हिसाला जुलै २०२५ पासून पदवीच्या पातळीचं काम लागतं, त्यात बटलर बसत नाही. मी आलो तो बायकोच्या व्हिसावर, ती नर्स आहे. त्यामुळे मुंबईत कुणी बसून सांगत असेल की चार लाख द्या, लॉर्डच्या घरी लावतो, तर उठून या. काम शोधून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायला इथल्या १९७३ च्या कायद्याने बंदी आहे, खरी एजन्सी पैसे मालकाकडून घेते.

त्याला करायचंच असेल तर आधी तिथेच, ज्या हॉटेलांत बटलर सर्व्हिस आहे तिथे दोन-तीन वर्षं काढू दे, सोबत वाइन नीट शिकू दे, ड्रायव्हिंग पक्कं करू दे (गिअरची गाडी, इथल्या अरुंद रस्त्यांवर रिव्हर्स घेता आलं पाहिजे), आणि शर्टाला इस्त्री स्वतः करायला लाव, आईने नाही. इंटरव्ह्यूला मी आधी बूट बघतो आणि मग त्याला एक सूटकेस भरायला देतो.